क्लब कुणाचा?

हैदराबाद फुटबॉल क्लबाने 2025 च्या ऑक्टोबर महिन्यात आपले बिऱ्हाड दिल्लीस हलवले, ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ असे नवे नाव धारण केले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी या बाजूच्या खेळप्रेमी मराठी घरांत सहा वर्षे चाललेला एक वाद एकाएकी पोरका झाला. वाद साधा होता आणि गोडही होता. ओग्बेचेला पहिल्या मिनिटापासून उतरवावे की सिवेरिओला. दोन्ही तरुण फुलबॅकांना एकाच वेळी पुढे धाडण्यात शहाणपण आहे की धाडस. एका गोलाची आघाडी मिळाल्यावर मागे सरून बसावे की चेंडू आपल्याच पायांत खेळवीत ठेवावा. या वादात हार-जीत नव्हती. ज्याचे म्हणणे चुकले तो पुढच्या सामन्यापर्यंत गप्प बसे आणि मग पुन्हा नव्या दमाने बोलू लागे. आता पुढचा सामनाच उरला नाही.

सांस्कृतिक पानावर फुटबॉलचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, चार माणसे एकत्र बसून दुसऱ्याच्या कर्तबगारीची आपुलकीने चिकित्सा करतात तेव्हा ती संस्कृतीचेच काम करीत असतात. गाण्याच्या बैठकीनंतर बुवांनी राग कोठे सोडला यावर होणारी चर्चा आणि सामन्यानंतर प्रशिक्षकाच्या व्यूहावर होणारी चर्चा यांच्या प्रकृतीत फारसा फरक नाही. दोन्हींत ऐकणारा व पाहणारा स्वतःला त्या कलेचा वारसदार समजत असतो. प्रश्न इतकाच की, वारसदार समजणाऱ्याला वारसा-हक्कही असतो काय?

या क्लबाची कुळकथा सीमाभागाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याचा एक संघ तीत होता. बालेवाडीच्या मैदानावर तो पाच हंगाम खेळला, 2019 साली बंद पडला, आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबास मिळाली. पुण्याचे काही खेळाडू व शेवटचे प्रशिक्षक फिल ब्राऊन हेही इकडे आले. पुण्याहून हैदराबादला जाणारी रेल्वे सोलापूर, गुलबर्गा, वाडी अशी जाते. हा क्लबही जणू त्याच गाडीने आमच्या दारावरून गेला. पुण्याशी या भागातील मराठी घरांची सोयरीक. हैदराबादशी जुने राज्य, कोर्टकचेरी, मोठा दवाखाना आणि पोटपाणी. शिवाय गच्चीबावलीचे मैदान शहराच्या पश्चिमेस, म्हणजे बीदरहून जहिराबाद, सदाशिवपेठ, पटणचेरू या वाटेने येणाऱ्यास अलीकडेच. तेव्हा हा संघ आपला म्हणण्यास कोणास फारसे सायास पडले नाहीत.

त्यातून हैदराबाद हे फुटबॉलला नवखे गाव नव्हे. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. पण त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. 1952 साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा पराभव केला, तेव्हा रहीमसाहेबांनी नशिबाला बोल लावला नाही. खेळाची मांडणी बदलली पाहिजे हे ओळखून ते कामास लागले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बीदर जिल्ह्यातलेही उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले, जहिराबाद-नारायणखेड दुसरीकडे गेले आणि उरलेला बीदर गुलबर्ग्यासह म्हैसूर राज्यात आला. बरोबर एक महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या भारतीय संघाने ऑस्ट्रेलियावर 4-2 असा विजय मिळवला. त्या सामन्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले आणि त्या स्पर्धेत भारत चौथा आला. राज्य मोडले होते. पण त्या मास्तरांबद्दलचा अभिमान तीन राज्यांत वाटून देण्याचे कोणास सुचले नाही.

डावपेचांवर वाद घालणाऱ्यांनी रहीमसाहेबांचे आणखी एक उदाहरण ध्यानी ठेवण्यासारखे आहे. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्यास जखम झाली. रहीमसाहेबांनी त्यास विश्रांती देण्याऐवजी चक्क आघाडीवर, सेंटर फॉरवर्डच्या जागी, उभे केले. उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत त्याने गोल केले आणि दक्षिण कोरियाला 2-1 हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले. तो निर्णय फसता तर मास्तरांच्या शहाणपणाचे पुढे वर्षभर वाभाडे निघाले असते. प्रशिक्षकाचा निर्णय मैदानावर लगेच कसास लागतो, नव्वद मिनिटांत त्याचा न्याय होतो, आणि म्हणूनच त्यावरील टीकाही निकोप राहते.

नव्या क्लबाचाही हाच अनुभव आहे. 2019-20 च्या पहिल्या हंगामात 18 सामन्यांत अवघे 2 विजय मिळाले. संघ तळाशी गेला आणि ब्राऊन यांस हंगाम संपण्यापूर्वीच निरोप मिळाला. 2020 साली मानोलो मार्केझ हे स्पॅनिश गृहस्थ आले. त्यांनी आकाश मिश्रा, आशिष राय यांसारख्या कोवळ्या पोरांवर भरवसा टाकला, चुका पोटात घातल्या आणि संघ उभा केला. साथीमुळे ते दोन हंगाम गोव्यात खेळवले गेले, म्हणजे हैदराबादकरांना आपला बहरात आलेला संघ आपल्या मैदानावर पाहताच आला नाही. तरी 20 मार्च 2022 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळा ब्लास्टर्सविरुद्ध सामना 1-1 असा सुटला आणि पेनल्टींवर 3-1 असा निकाल लागून हैदराबाद विजेते झाले. तेव्हा तीन पेनल्टी अडवणारा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी हा गोव्याचा असला, तरी आडनाव आमच्याच कानडी शेजारातले आहे हे सांगण्याचा मोह कोणास आवरला नसेल. त्या हंगामात 18 गोल करणारा ओग्बेचे तेव्हा सदतीस वर्षांचा होता. ‘म्हातारा’ म्हणून त्यास बसवा असे म्हणणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. पुढल्या हंगामातही संघ गुणतक्त्यात दुसरा आला.

येथवर सारा वाद प्रशिक्षकाशी होता. यापुढे तो मालकाशी सुरू होतो, आणि येथेच त्याची जात बदलते. लिस्टन कोलासो 2021 साली गेला, आशिष राय 2022 साली गेला, आकाश मिश्रा 2023 साली गेला. त्याच वर्षी मार्केझही गोव्याच्या संघाकडे गेले. प्रशिक्षकाने घडवावे आणि क्लबाने विकावे, हा व्यवहार एक वेळ समजण्यासारखा आहे. परंतु 2023-24 मध्ये थकलेल्या देण्यांवरून नवे खेळाडू नोंदण्यास बंदी आली, पगार रखडले, बहुतेक परदेशी खेळाडू निघून गेले आणि 22 सामन्यांत 1 विजय पदरी पडला. जी पोरे त्या हंगामात आठवड्यामागून आठवडा हरण्यासाठी मैदानात उतरत राहिली त्यांच्या व्यूहाची चर्चा कोण करणार? मुदपाकखान्यात शिधाच नसता आचाऱ्याच्या हाताची चव काढण्यात अर्थ नसतो. 2024 साली मालकी जिंदाल समूहाकडे गेली, आशा पालवली, आणि वर्षभराने क्लबच दिल्लीस गेला.

मालकाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. फुटबॉलचा संघ चालवणे हा आपल्या देशात बहुतांशी तोट्याचा धंदा आहे. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा नामांकित संघ 2010 साली बंद झाला. गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी 2016 साली राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. ज्याचा पैसा बुडतो त्याने निर्णय घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. शिवाय गच्चीबावलीच्या रिकाम्या बाकांची जबाबदारी केवळ मालकावर टाकता येणार नाही. घरबसल्या पडद्यावर सामना पाहून प्रशिक्षकास धडे देणारे पुष्कळ. तिकीट काढून उन्हातान्हात जाणारे थोडे. ‘डेक्कन लीजन’ या चाहत्यांच्या मंडळाने पडत्या काळातही साथ सोडली नाही, हे त्यांचे मोठेपण. पण मूठभरांच्या निष्ठेवर शहराचा हक्क सिद्ध होत नाही.

हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. दिल्लीचा जुना संघ 2019 साली भुवनेश्वरास नेला गेला. त्याच वर्षी पुण्याची जागा हैदराबादला मिळाली. आणि 2025 साली हैदराबादचा संघ दिल्लीस गेला. या प्रत्येक उचलाउचलीत नियम पाळले गेले असतील, शिक्के बसले असतील. परंतु ज्यांच्या गावाच्या नावावर तो संघ चालला त्यांस विचारण्याची गरज नियमांत कोठे दिसली नाही. सीमाभागातील मराठी माणसास ही कळ चटकन समजते. 1956 पूर्वी राज्य पुनर्रचना आयोगाने निदान निवेदने तरी मागवली होती. पुढे महाजन आयोगानेही लोकांचे म्हणणे ऐकून घेतले. निकाल मनासारखा लागला नाही, ती वेदना आजही आहे. पण निवेदन देण्याची एक खिडकी होती. क्लबाच्या कचेरीला तेवढी खिडकीही नसते.

याहून निराळी रीत असू शकते काय? त्यासाठी फार लांब जावयास नको. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळेच फुटबॉलचे संघ चालवतात. तेथे क्लब म्हणजे पेठ. पाटाकडील तालीम उचलून कोणी दुसऱ्या शहरास नेऊ म्हणाला, तर त्यास प्रथम पेठेतली घरे उचलावी लागतील! त्या ईर्षेपायी शाहू स्टेडियमवर कधी हातघाईही होते, ते भूषणावह नाही. आणि देशव्यापी लीगचा खर्च पेठेच्या वर्गणीत भागणार नाही, हेही उघड आहे. तथापि मोठ्या पैशाच्या खेळातही लोकांचा हक्क राखता येतो. जर्मनीत 1998 पासून सर्वसाधारण नियम असा की, क्लबातील निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती राहिली पाहिजेत. इंग्लंडात विंबल्डनचा क्लब मालकाने मिल्टन कीन्स या गावी नेण्याचे ठरवले, तेव्हा चाहत्यांनी 2002 साली स्वतःचा नवा क्लब काढला, तळापासून सुरुवात केली आणि 2011 साली त्यास राष्ट्रीय लीगमध्ये आणून बसवले. पुढे 2025 साली तेथे कायदाच झाला व क्लबाचे मैदान हलवण्यावर नियामकाचा अंकुश आला.

आमच्याकडे एकदम इतके होईल असे नाही. पण तीन गोष्टी आजही करण्याजोग्या आहेत. पहिली, हंगाम सुरू होण्यापूर्वी खेळाडूंच्या पगाराची रक्कम मालकाने अनामत ठेवावी, म्हणजे मालकाच्या अडचणीचे ओझे गरिबाघरच्या पोरावर पडणार नाही. दुसरी, स्थलांतराची सूचना एक पूर्ण हंगाम आधी जाहीर व्हावी आणि चाहत्यांचे व स्थानिक संघटनेचे म्हणणे लेखी घेऊन त्यास कारणांसह उत्तर द्यावे. तिसरी, मालक पैसा व करार खुशाल घेऊन जावो. पण नाव, रंग आणि विजयाची नोंद त्या शहराकडेच राहावी. 2022 चे विजेतेपद हैदराबादचे आहे. ते दिल्लीच्या कपाटात शोभणार नाही.

आणि आमच्या वाचकांस एक विनंती. क्लब गेला म्हणून वाद घालणे सोडू नका. पण त्याचे ठिकाण जवळ आणा. रहीमसाहेबांची पिढी विकत आणलेली नव्हती. ती शाळांच्या मैदानांतून आणि एका मास्तराच्या शिट्टीतून घडली. बीदरच्या, भालकीच्या, गुलबर्ग्याच्या शाळांत संध्याकाळी चेंडूमागे धावणारी मराठी, कानडी, उर्दू बोलणारी पोरे आजही आहेत. त्यांना चेंडू, जोडे आणि शिकवणारा मिळवून देण्यास कोणाची परवानगी लागत नाही. त्यांच्या सामन्यास जाऊन उभे राहा आणि त्यांच्या प्रशिक्षकाच्या डावपेचांवर मनसोक्त टीका करा. तो तुमचे ऐकून घेईल, कदाचित तुम्हांलाही चार शब्द ऐकवील. कारण तो गावातच राहणार आहे.