ओसरीवरून : मोत्याचा चातुर्मास

या सदराच्या दोघीतिघी वाचकभगिनींनीं पत्रें धाडून, घरच्या कुत्र्याच्या जुनाट दुखण्यावर एखादें झाडपाल्याचें औषध व पथ्य सुचवावें, अशी इच्छा प्रदर्शित केली आहे. आम्हीं पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें. म्हणजे औषधींशीं आमचा परिचय अमरकोशांतील वनौषधिवर्गापुरताच. तथापि आमच्या स्वतःच्या घरीं जें घडलें तें सांगितल्यानें कोणाच्या घरचें मुकें जनावर वांचेल, असें वाटल्यावरून, थोडी लाज गिळून, लिहीत आहों.

आमचें घर नांदेडास जुन्या वस्तींत, गोदावरीपासून फार लांब नाहीं. घरांत लहानमोठीं चौदा माणसें. मोत्या आमच्याकडे आला त्यास येत्या मार्गशीर्षांत चार वर्षें होतील. माळेगांवची खंडोबाची यात्रा आमच्या जिल्ह्यांत घोडे, गाढवें, उंट यांच्या बाजाराकरितां प्रसिद्ध आहे. तेथून परत येतांना आमच्या पुतण्यानें उपरण्यांत गुंडाळून हें पिलूं आणलें. जातीचा कारवान. लातूर जिल्ह्यांत चाकूर तालुक्यांतील जानवळ हें गांव या कुत्र्यांविषयीं नांवाजलेलें आहे. लांब मुस्कट, खोल छाती, पाठीस टेकलेलें पोट, असा हा हरणामागें धांवणारा प्राणी. याच्या शेवटच्या दोनतीन बरगड्या दिसावयाच्याच. त्या दिसतात म्हणून त्यास तूप चारणारे शहाणे आम्हीं पाहिले आहेत, व त्यांत आमच्या कुटुंबाची गणना प्रथम करावी लागेल.

माहूर आमच्याच जिल्ह्यांत. दत्तमहाराजांच्या पायाशीं चार वेद श्वानरूपानें बसतात, या श्रद्धेनें आमच्या मातोश्रींनीं मोत्यास ओसरीवर राहण्याची मुभा दिली. स्वयंपाकघराचा उंबरा मात्र त्यानें आजतागायत ओलांडलेला नाहीं. मातोश्रींचें वय शहाऐंशी. पहिलें वर्षभर त्यांनीं आपल्या हातानें त्यास दूधभाकरी कुसकरून घातली, आणि त्या वर्षांत त्याचें नखही दुखलें नाहीं. पुढें त्यांच्यानें वांकवेना. तेव्हां मोत्याचें अन्न सर्वांच्या हातीं गेलें. एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें तें कोणाचेंच नसतें असें म्हणतात. पण कुत्र्यास खाऊं घालण्याच्या बाबतींत तें काम प्रत्येकाचेंच होतें.

दुसऱ्या उन्हाळ्यांत मोत्या मंदावला. जिना चढतांना धापा टाकी. मांजर समोरून गेलें तरी मान उचलीत नसे. नांदेडचा उन्हाळा असा कीं माणसेंही तेंच करतात, म्हणून कोणीं लक्ष दिलें नाहीं. आषाढांत, कांदेनवमीनंतर तीनचार दिवसांनीं, त्यानें अन्नच सोडलें. तेव्हां आम्हीं वैद्यकी हातीं घेतली. परसांतील कडुनिंबाचीं कोवळीं पानें वाटून, चिमूटभर हळद घालून, त्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या रोज सकाळीं दोन. श्रावणांत तो उठून बसला, आणि भाद्रपदांत गणपतीच्या आरतीस घंटेबरोबर सूर लावूं लागला. आळींत आमच्या गोळ्यांचा लौकिक झाला. दसऱ्यास, आतां प्रकृति सुधारली म्हणून, गोळ्या बंद केल्या. पौषांत दुखणें परतलें. याहून सबळ पुरावा तो कोणता? गोळी दिली, रोग गेला. गोळी थांबविली, रोग आला. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले! पौषांत पुनः गोळ्या सुरू केल्या, त्यांचा गुण आला नाहीं. परंतु तेवढ्यानें डगमगणारे आम्ही नव्हतों. हिवाळ्यांतला पाला जून असतो, त्यांत सत्त्व नसतें, अशी उपपत्ति लावून मोकळे झालों. पुढच्या आषाढांत पुनः कोवळा पाला, पुनः गुण. मग तर कोणीं डॉक्टरांचें नांव काढलें कीं आम्हांस अपमान वाटूं लागला.

गेल्या चैत्रांत मोत्याच्या कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड फार झाले. लसणीच्या वासानें गोचीड पळतात, असें कोणींसें सांगितलें. आम्हीं लगेच मोठ्या सहासात पाकळ्या ठेचून रोजच्या भाकरींत घालण्याचा परिपाठ सुरू केला. दहाव्या दिवशीं सकाळीं मोत्या ओसरीवरून उतरतांना कोलमडला. थोरल्या सुनेनें त्याचा ओंठ वर करून पाहिला, तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. आणि अंगणांत केलेली लघवी काळ्या चहाच्या रंगाची.

रिक्षांत घालून त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेलें. तेथील डॉक्टर एक तरुण बाई, उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत शिकलेल्या. आमचा प्रथम समज असा कीं हा गोचीडताप असावा. त्यांचाही संशय आधीं तिकडेच गेला, कारण आमच्याकडे तो रोग पुष्कळ. त्याची परीक्षा त्यांनीं केलीच, पण ती निर्दोष निघाली. मग रक्ताचा थेंब कांचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, थोडा वेळ गप्प बसल्या, आणि विचारलें, “गुरुजी, तुमच्या घरीं कांदा किती खातात?”

आम्ही म्हणालों, “कुत्र्याचें विचारतां कीं आमचें?”

“दोघांचें ताट एकच असेल, तर दोघांचें.”

त्या रात्रीं घरांत जी सभा भरली तिचें वर्णन करण्याजोगें आहे. प्रत्येकानें मोत्यास काय काय दिलें तें आमच्या नातवानें वहींत लिहून घ्यावें, असें ठरलें. पहिल्यानें सगळेच निर्दोषी. मग धाकट्या सुनेनें कबूल केलें कीं सकाळच्या पोह्यांची कढई तो चाटून साफ करतो. बंधु म्हणाले, पिठल्याशिवाय भाकरी त्यास कोरडी लागते. वहिनी थालिपिठाचा कांठ देत. मुलें भजीं देत. पुतण्या रात्रीं उशिरां येऊन आपल्या ताटांतील झुणका अर्धा त्यास घाली, कारण एकट्यानें जेवणें त्यास बरें वाटत नसे. प्रत्येकाचा हात एका घांसाचा. पण वहींत बेरीज झाली तेव्हां रोजचा एक मोठा कांदा त्या बावीस किलो वजनाच्या जनावराच्या पोटांत दोन वर्षें जात होता, असें निघालें. त्यावर आमचा लसूण!

यांतील वर्म डॉक्टरीणबाईंनीं समजाविलें तें असें. कांदा, लसूण, कांद्याची पात या वर्गांत गंधकाचीं कांहीं संयुगें असतात. माणसाचें रक्त तीं सोसतें. कुत्र्यामांजरांचें सोसत नाहीं. तांबड्या पेशींतील रक्तरंजक द्रव्य त्यांनीं विटतें, त्याच्या गुठळ्या पेशींत दिसूं लागतात व पेशी फुटतात. शिजविल्यानें, तळल्यानें किंवा वाळविल्यानें हा गुण जात नाहीं. शरीराच्या वजनाच्या दोनशेव्या हिश्शाएवढा, म्हणजे मोत्यासारख्यास सुमारें ११० ग्रॅम, कांदा एका वेळीं पोटांत गेल्यास अपाय संभवतो. आणि थोडा थोडा पण रोज गेल्यास शरीर नवीन रक्त करतां करतां थकतें. वजनास वजन घेतलें तर लसूण कांद्याहून तीव्र.

आतां आमच्या गोळ्यांकडे वळूं. आमच्या घरीं आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदालसूण येत नाहीं. कांदेनवमीस मात्र दोन दिवस पुरतील एवढीं भजीं तळलीं जातात, व उरलेलीं मोत्याच्या वाट्यास येत. म्हणजे दरवर्षीं त्या सुमारास तो अत्यवस्थ होई, आम्ही घाबरून गोळ्या सुरू करूं, आणि त्याच आठवड्यांत घरांतील कांदा संपे. गुण चातुर्मासाचा, श्रेय कडुनिंबास. तर्कसंग्रह शिकवितांना आम्हीं कित्येक वर्षें फळ्यावर कुंभाराचें गाढव काढून दाखविलें : माती वाहून आणणारें गाढव घटाच्या उत्पत्तीच्या आधीं तेथें असतें खरें, पण तें घटाचें कारण नव्हे, अन्यथासिद्ध होय. मुलें हंसत. आमच्याच परसांत तें गाढव दोन वर्षें कडुनिंबाला बांधलेलें होतें, आणि आम्ही त्यास ओळखलें नाहीं. पौषांत गोळी निष्फळ झाली तेव्हांच थांबून विचार करावयास हवा होता. तो न करतां पाल्यावर दोष ढकलला, हें आम्हांस अधिक बोंचतें.

रक्त चढवावें लागेल कीं काय, अशी दोन दिवस धास्ती होती. तशी वेळ आली नाहीं. शिरेवाटें पाणी दिलें. बाकी औषध म्हणजे कांदालसूण बंद. महिन्याभरांत हिरड्यांवर गुलाबी झांक आली.

पथ्य आतां असें चालतें. वरण शिजलें कीं फोडणीपूर्वींच त्याचा वाटा वेगळा काढावयाचा. त्यांत मऊ भात किंवा ज्वारीची भाकरी, थोडें दहीं, वाफविलेला लाल भोपळा किंवा गाजर. मीठ, तिखट नाहीं. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्यास भाकरी काय पचणार, अशी शंका पुष्कळांस येते. इ. स. २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं दाखविलें कीं पिठूळ अन्न पचविणारा रस निर्माण करणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यापेक्षां पुष्कळ अधिक आहेत. माणसाच्या उष्ट्यावर हजारों वर्षें राहून हा प्राणी त्याला सरावला. तथापि नुसत्या वरणभातावर त्याचें भागत नाहीं. त्यांत चुन्याचा अंश व कांहीं जीवनसत्त्वें कमी पडतात, म्हणून त्याचें चूर्ण डॉक्टरांनीं मापून दिलें आहे. तें आपल्या मनानें कमीजास्त करूं नये.

अंड्याची गोष्ट निघाली तेव्हां घरांत शांतता पसरली. रक्त भरून येण्यास आठवड्यांतून दोनतीन उकडलेलीं अंडीं द्यावीं, असा डॉक्टरीणबाईंचा सल्ला. मातोश्रींस कसें सांगावें याचा आम्ही विचार करीत होतों, तों त्याच म्हणाल्या, “तो कुत्रा आहे, त्यानें त्याच्या धर्मानें जेवावें. भांडें आणि चूल तेवढी परसांत ठेवा.” नातू तें काम उत्साहानें करतो. तीन अंडीं आणलीं जातात व मोत्यास अडीचच मिळतात, असा आम्हांस दाट संशय आहे. पण त्याची चौकशी करण्याचें धैर्य अद्याप झालेलें नाहीं.

कांद्याप्रमाणेंच द्राक्षें, मनुका व बेदाणे कुत्र्यास वर्ज्य. मूत्रपिंडें निकामी होतात. गणपतीच्या प्रसादांतील बेदाणे मुलें प्रेमानें त्याच्या तोंडांत घालतात, तिकडे आयांनीं लक्ष ठेवावें. इ. स. २०२१ पासून अमेरिकेंतील पशुवैद्य यांतील टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवितात. आणि तें आम्ल चिंचेंत विपुल असतें, तेव्हां आमटीही नको. चॉकलेट नको. मधुमेही मंडळींच्या बिनसाखरेच्या कांहीं गोळ्याबिस्किटांत झायलिटॉल नांवाची गोडी असते, ती तर थोडक्यांत घात करते. माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही आपल्या अंदाजानें देऊं नये.

झाडपाल्याविषयीं विचारणाऱ्यांस निराश करावें अशी आमची इच्छा नाहीं. शौचास साफ नसेल किंवा पातळ होत असेल, तर लाल भोपळा चांगला. उन्हानें पायाचे तळवे फुटले तर खोबरेल तेल लावावें. परंतु कडुनिंबाचें तेल कुत्रा चाटतो व त्यास तें बाधतें. रॉकेल किंवा तंबाखूचें पाणी चोळण्याची खेड्यांतील चाल तर घातकी. गोचीड चिमट्यानें कातडीजवळ धरून सरळ ओढावा. त्याचीं अंडीं कुत्र्याच्या अंगावर नसतात, भिंतींच्या फटींत असतात. आम्हीं ओसरीच्या फटी बुजवून चुना दिला, आणि डॉक्टरांची गोळी वेळेवर चालू ठेवली, तेव्हां तो उपद्रव मिटला. वैशाखांत मात्र त्याच्या पाण्याचा माठ दिवसांतून तीनदां भरावा.

आमच्या शेजारच्या कल्याणास बाराव्या शतकांत राज्य करणारा चालुक्य राजा सोमेश्वर यानें मानसोल्लास लिहितांना राजाच्या विनोदांत सारमेयविनोदासही स्थान दिलें. तो शिकारीच्या कुत्र्यांचा शोकी. त्याच्या कुत्र्यांना भजीं मिळत नसावींत, एवढें अनुमान आम्ही करतों. मात्र आमच्या अनुमानांवर किती विसंबावें हें वाचकांस आतां कळलेंच आहे.

यंदा कांदेनवमीस भजीं झालीं, पण मोत्या त्या दिवशीं मातोश्रींच्या खोलींत होता. “बारा महिने चातुर्मास पाळणारा घरांत माझ्याखेरीज एक तरी निघाला,” असें म्हणून त्यांनीं त्यास आपल्या पानांतला दहींभात दिला. आतां कार्तिकी एकादशी तोंडावर आली आहे. द्वादशीस घरांत कांद्याची टोपली येईल. नातवानें वहींतलें पान फाडून ‘मोत्यास कोणीं कांहीं देऊं नये’ असें लिहून जेवणघराच्या दारावर चिकटविलें आहे. पुतण्याच्या रात्रीच्या ताटाचें काय करावें हा प्रश्न अजून सुटलेला नाहीं; तूर्त मातोश्री त्याच्यासाठीं जाग्या राहतात व तो जेवून उठेपर्यंत मोत्यास आपल्याजवळ धरून बसतात. मार्गशीर्षांत पुनः रक्त तपासावयाचें आहे. तें ठीक निघालें, तर माळेगांवच्या यात्रेस यंदा त्यास घेऊन जाऊं, असें पुतण्या म्हणतो.