दादींची दुआ आणि १२ वर्षांचा संगणक

कोकणातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. बहिणीच्या निकाहात बायकांच्या बाजूचे चित्रण घरातल्याच दोन मोबाइलवर झाले. अब्बांचे म्हणणे, हे बाहेरच्या स्टुडिओत द्यायचे नाही, घरीच जोडा. पण घरचा संगणक १२ वर्षांचा, रॅम ४ जीबी. दुकानदार म्हणतो, यावर व्हिडिओचे काम होणार नाही, हप्त्याने नवा लॅपटॉप घ्या. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : रुखसतीच्या वेळी दादी दुआ देतात ती क्लिप यातच आहे, आणि दोन महिन्यांपूर्वी दादींचा इंतकाल झाला.

अल्लाह त्यांची मगफिरत करो. या ओळीमुळे सॉफ्टवेअरची गोष्ट आम्ही जरा मागे ठेवतो. आधी दोन्ही मोबाइलमधल्या मूळ फायली केबल लावून संगणकात घ्या आणि त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबून लहान केलेली असते, ती मूळ धरू नका. हे झाल्यावर संगणकाशी हवे ते प्रयोग करा, काही बिघडले तरी दादींचा आवाज सुरक्षित राहील.

आता लॅपटॉप. बहुतेक हप्त्यांत व्याज असते, आणि ते अंगावर घ्यावे इतके हे काम मोठे नाही. मशीन चालू असेल तर दुसरी ४ जीबीची रॅम घालता येते का, हे दुरुस्तीवाल्याला विचारा. नव्या लॅपटॉपपुढे हा खर्च किरकोळ आहे.

सॉफ्टवेअर निवडताना पुष्कळजण दोन चुका करतात. एक म्हणजे जुना ‘मूव्ही मेकर’ शोधणे. मायक्रोसॉफ्टने तो जानेवारी २०१७ मध्येच बंद केला. त्या नावाने आज जे मिळते त्यात फसवे पुष्कळ आहे. दुसरी म्हणजे महागड्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ प्रत. ती दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणे तर आहेच, शिवाय तिच्यासोबत व्हायरस येतो. ज्या संगणकात घरच्या बायकांचे चित्रण आहे त्यात असले काही शिरू देऊ नये. ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत प्रत चांगली आहे, पण तिला १६ जीबी रॅम आणि ताकदीचे ग्राफिक कार्ड लागते. आपल्या कामाची नाही.

आम्ही ‘शॉटकट’ सुचवू. मोफत आहे, तयार फिल्मवर स्वतःचा शिक्का उमटवत नाही, आणि साध्या चित्रणाला ४ जीबी, एचडीला ८ जीबी रॅम पुरते असे ते बनवणारेच सांगतात. ‘ओपनशॉट’चा पडदा नवशिक्याला अधिक सोपा वाटतो हे खरे, पण क्लिपा वाढल्या की जुन्या मशीनवर तो अडखळतो असा आमचा अनुभव आहे.

शॉटकट उघडल्यावर काम सुरू करण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन ‘प्रीव्ह्यू स्केलिंग’ ३६० वर ठेवा आणि ‘प्रॉक्सी’ चालू करा. प्रॉक्सी म्हणजे मोठ्या क्लिपची हलकी नक्कल. कापाकापी नकलेवर होते, शेवटची फिल्म मात्र मूळ क्लिपमधूनच निघते. जुन्या संगणकाचा श्वास यानेच मोकळा होतो. नकला तयार व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात चहा करून घ्यावा. मग क्लिपा खालच्या पट्टीवर ओळीने मांडायच्या, एस दाबला की तिथे तुकडा पडतो, एक्स दाबला की निवडलेला तुकडा निघून मागचे पुढे सरकते. पहिल्या फिल्मला एवढे दोन धडे पुरतात. चमकदार बदल, उडती अक्षरे यांच्या मागे लागू नका. संगणक दमतो आणि पाहणाराही.

एक ठेच जवळजवळ सगळ्यांना लागते. शॉटकटमध्ये ‘सेव्ह’ केल्यावर जी फाइल तयार होते तिच्यात व्हिडिओ नसतो, कोणता तुकडा कुठे लावला याची फक्त नोंद असते. मूळ क्लिपा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या की शॉटकटला त्या सापडत नाहीत. काम संपेपर्यंत त्यांची जागा बदलू नका. खरी फिल्म ‘एक्स्पोर्ट’ केल्यावर बनते. २० मिनिटांच्या फिल्मला या मशीनवर काही तास लागतील. इशानंतर लावून झोपावे, फजरला उठेपर्यंत झालेली असेल, इन्शाअल्लाह.

भगिनी, दादींच्या क्लिपला मात्र कात्री कमी लावा. मागे भांड्यांचा आवाज आहे, कुणी मूल रडते आहे असे तुम्ही लिहिले आहे. राहू द्या ते. आणि ती क्लिप फिल्ममध्ये घेतलीत तरी वेगळी, अख्खी, एका पेनड्राइव्हवर फुफींनाही देऊन ठेवा.