माटोळी खंय बांदतात?

दिवाळी झाली आणि आम्ही अंत्रुज महालातले आमचे जुने घर दुरुस्तीला काढले. चिऱ्यांच्या आणि मातीच्या जाड भिंती, मधे राजांगण, वर मंगळुरी कौले. दोन ठिकाणी वासे वाळवीने पोखरलेले, न्हाणीघर घराबाहेर, आणि पावसाळ्यात स्वयंपाकघरात चार बालद्या मांडलेल्या. अशी घरे तुमच्यापैकी अनेकांची आहेत, तेव्हा जास्त वर्णन नको.

तीन कंत्राटदार येऊन गेले. पहिल्याने चपला न काढता टेप लावला, चौरस मीटरचा दर सांगितला आणि म्हणाला, "हे सगळे काढून स्लॅब घाला, मग वर बघायलाच नको." दुसऱ्याने लॅपटॉप उघडून 'हेरिटेज लूक' दाखवला. स्लॅबवर शोभेची कौले, पिवळ्या-निळ्या भिंती, दारात लोखंडी दिवे. आई चित्रे बघत राहिली आणि म्हणाली, "हे हॉटेल बरे आहे."

तिसरा साठीच्या आसपासचा. तो आधी घरात आलाच नाही. मागच्या बाजूला गेला, पागोळ्या कुठे पडतात, पाणी कुठून वाहून जाते ते पाहिले, खिशातल्या चाकूने भिंतीचा गिलावा जरा खरवडला. मग माजघरात येऊन वर बघत आईला विचारले, "तुमी माटोळी खंय बांदतात?"

माझ्यापुरती निवड तिथेच झाली.

यात भाबडेपणा आहे असे कुणाला वाटेल. पण नीट विचार करा. माटोळीला नारळाची पेण असते, केळ्यांचे घड, सुपारीचे घोस, चिबूड, तवशी असतात. तो सगळा भार लाकडी चौकटीवरून वरच्या तुळयांवर येतो. कुठली तुळई बदलायची, कुठली ठेवायची, हे त्या भारावर ठरते. म्हणजे प्रश्न श्रद्धेचा होता तेवढाच हिशेबाचाही होता. या घरात माणसे कशी राहतात हे समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, एवढे त्या माणसाला कळत होते.

हे शहाणपण मला फुकट आलेले नाही. २००९ साली देवघराची भिंत पोपडे धरू लागली म्हणून आम्ही ती ओळखीतल्या एकाकडून दुरुस्त करून घेतली. 'आपलाच माणूस' म्हणून ना अंदाजपत्रक, ना कागद. त्याने जुना चुन्याचा गिलावा काढून झकास सिमेंट मारले. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली. तिसऱ्या पावसाळ्यात तिला लोणा लागला, गिलावा पोकळ वाजू लागला आणि एके दिवशी समईसमोर एक पापुद्रा गळून पडला. कारण साधे आहे. चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतून ओल चढते आणि चुना ती बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती कोंडून धरते, मग आतली माती भुसभुशीत होते. वडिलांनी हाताने रंगवलेली कोनाड्याची महिरप त्या दुरुस्तीत गेली ती गेलीच. पैसे पुन्हा मिळवता येतात हो, ती महिरप कुठून आणू?

आणि चूक फक्त सिमेंटवाल्यांचीच असते असेही नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला. उघडा चिरा भारदस्त दिसतो खरा. पण तेव्हापासून तो आपल्या पावसात झिजतो आहे, आणि गिलावा पुन्हा चढवावा ही मागणी २०२० मध्ये जोराने पुढे आली. म्हणजे जुने घर 'जुने दिसावे' या हौसेनेही मरते. दुसऱ्या कंत्राटदाराची चित्रे पाहताना मला हेच आठवत होते.

स्लॅब घालणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. माकडे कौले फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, मुले बंगळुरूला नाहीतर दुबईला, आणि घरात दोन म्हातारी माणसे. त्यांनी शिडी लावून वर चढायचे का? शिवाय मंगळुरी कौल तरी आपल्याकडे अनादी काळापासून कुठे होते? बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, त्यानंतर ती आली. घर बदलतेच. आमच्या माणसानेही स्वयंपाकघरावर लोखंडी सांगाडा सुचवला आणि न्हाणीघर आत घ्यायला लावले. बदल कुणाला विचारून करायचा एवढाच प्रश्न आहे, आणि त्यात घरालाही विचारावे असे माझे म्हणणे.

म्हणून दर विचारण्याआधी तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका. त्याने नुकतेच संपवलेले घर बघू नका, सगळी नवी घरे सुंदरच दिसतात. तीन पावसाळे खाल्लेले घर दाखवायला सांगा आणि तिथल्या बाईमाणसाशी बोला. ओल कुठे येते ते तिला ठाऊक असते. अंदाजपत्रक कामागणिक मागा, एकठोक आकडा नको. लाकूड कुठले, चुना किती, मोडतोड कोण उचलणार, हे सगळे कागदावर हवे. शेवटचा दहा टक्के हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचा, हेही आधीच लिहून घ्या. घर सामायिक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची संमती आहे का, पंचायतीचा परवाना घेतला का, असे विचारणारा कंत्राटदार कटकट्या वाटतो. तोच पुढची भांडणे वाचवतो. आणि एप्रिलात कामाला हात घालून "चवथीपूर्वी संपवतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चुना मुरवावा लागतो, गिलाव्याला वाळायला वेळ द्यावा लागतो, आणि मिरगाच्या आत छप्पर झाकायलाच हवे.

आमच्या तिसऱ्याचा आकडा पहिल्यापेक्षा बराच जास्त होता. धाकट्या भावाने फोनवर कुरकुर केली. त्याला मी देवघराच्या भिंतीचा फोटो पाठवला. त्यानंतर तो काही बोलला नाही.

चवथीपर्यंत काम पुरे झाले नाही. होईल असे त्या माणसाने म्हटलेही नव्हते. न्हाणीघराच्या फरशा बाकी होत्या, राजांगणात वाळूचा ढीग होता आणि पाहुण्यांचे पाय त्यात भरत होते. आदल्या दिवशी तो स्वतः आला, नव्या तुळईला बसवलेल्या कड्या एकेक ओढून पाहिल्या, आणि चहाही न घेता गेला. त्याच्या घरीही माटोळी बांधायची होती.