गोष्ट अजून संपायची आहे

दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम कोण पोहोचले? रोआल्ड अमुंडसेन. केव्हा? १४ डिसेंबर १९११. स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणारे कोणतेही मूल झोपेतून उठवले तरी हे सांगेल. उत्तर बरोबर आहे, गुणही पडतील. पण सव्वीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यावर मला विचारावेसे वाटते, की या उत्तरातून त्या मुलाच्या हाती लागले काय? एक नाव आणि एक तारीख. त्यात ना थंडी आहे, ना भूक, ना भीती.

शाळेतल्या मुलांचे आणि ध्रुवावर जाणाऱ्या माणसांचे नाते तसे जुनेच आहे. १९१० साली कॅप्टन स्कॉट ‘टेरा नोव्हा’ जहाजातून अंटार्क्टिकाला निघाले तेव्हा पैशांची चणचण होती. इंग्लंडातल्या शाळाशाळांनी वर्गण्या काढल्या. कुणी स्लेजचा खर्च उचलला, कुणी झोपायच्या पिशवीचा, कुणी एका तट्टाचा. कागदोपत्री त्या तट्टाचे नाव शाळेचे. पण खलाशांनी ठेवलेली नावे निराळीच. साउथ हॅम्पस्टेडच्या मुलींच्या शाळेने दिलेल्या तट्टाला जहाजावर सगळे ‘बोन्स’ म्हणत. बीडेल्स शाळेचा ‘ख्रिस्तोफर’ तर इतका खट्याळ, की त्याला स्लेजला जुंपायला चार-चार माणसे लागत! मुलांनी या करामती पाहिल्या असत्या तर केवढी हसली असती. पण ती होती हजारो मैल दूर, आणि बातमी यायला महिनेच्या महिने लागत.

नोव्हेंबर १९११ मध्ये दहा तट्टे ध्रुवाच्या वाटेला लागली. ९ डिसेंबरपर्यंत त्यांतले एकही उरले नव्हते. एकेकाला गोळी घालावी लागली आणि त्यांचे मांस कुत्र्यांच्या व माणसांच्याही पोटात गेले. पुढे स्कॉट आणि त्यांचे चार साथीदार परतीच्या वाटेवर प्राणाला मुकले. ती बातमी फेब्रुवारी १९१३ मध्ये इंग्लंडात पोहोचली. सेंट पॉल चर्चमध्ये शोकसभा झाली त्या दिवशी लंडनच्या शाळांतून लाखो मुलांना स्कॉटच्या शौर्याची कहाणी एकाच वेळी वाचून दाखवण्यात आली. मुलांपर्यंत गोष्ट आली ती अशी, संपल्यावर. रडायचे कुठे आणि मान ताठ कुठे करायची, हेदेखील मोठ्यांनी ठरवून दिलेले.

याच्या नेमकी उलट गोष्ट २००० साली घडली. अमेरिकेच्या अ‍ॅन बॅनक्रॉफ्ट आणि नॉर्वेच्या लिव्ह अर्नेसेन या दोघी अंटार्क्टिका खंड ओलांडायला निघाल्या. एकीचे वय पंचेचाळीस, दुसरीचे सत्तेचाळीस. दोघीही पेशाने शिक्षिका! अ‍ॅनला स्वतःला डिस्लेक्सिया, त्यामुळे शाळेत अक्षरांशी झगडत वाढलेली. पुढे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणारी. लिव्ह १९९४ मध्ये एकटीने स्कीवरून दक्षिण ध्रुव गाठणारी. तिने त्यावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘चांगल्या मुली दक्षिण ध्रुवावर जात नाहीत’ अशा अर्थाचे आहे. (आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे वाक्य ध्रुवाऐवजी दुसरे एखादे ठिकाण घालून रोज ऐकू येते, ते सोडा.)

या दोघींनी शिक्षकांसाठी पाठ तयार करवून घेतले होते. १३ नोव्हेंबर २००० रोजी त्या क्वीन मॉड लँडमधून निघाल्या. आपले ‘मैत्री’ केंद्र आहे तोच हा प्रदेश. प्रत्येकीच्या मागे शंभर किलोहून जड स्लेज. तंबूतून उपग्रह फोनवरून त्या रोजचा हालहवाल कळवत. पासष्टाहून अधिक देशांतली सुमारे ३० लाख मुले ही वाटचाल पाहत होती, असा आकडा त्या मोहिमेने दिला आहे. वारा असेल तर शिडे उभारून दोघी बर्फावरून झपाट्याने जात. वारा पडला की पाय ओढत चालणे, नाहीतर वाट पाहणे. आज वारा नाही, हे कुठल्यातरी गावातल्या तिसरीच्या वर्गाला त्याच आठवड्यात कळत होते. उद्या वारा येईल का? बाईंना ठाऊक नाही. अ‍ॅनला नाही, लिव्हलाही नाही. मोठ्या माणसांना उत्तर ठाऊक नसलेला खराखुरा प्रश्न मुलांच्या वाट्याला किती वेळा येतो, सांगा बरे!

फेब्रुवारी २००१ मध्ये त्या शॅकलटन हिमनदीवरून खाली उतरल्या. खंडाची जमीन पार झाली होती. ती पायी ओलांडणाऱ्या पहिल्या स्त्रिया म्हणून त्यांची नोंद झाली. पण बेत त्याहून मोठा होता. पुढचा रॉस समुद्रावरचा बर्फाचा अफाट थरही ओलांडून मॅकमर्डोला पोहोचायचे होते. वारा रुसला, हिवाळा जवळ आला, दिवस संपत आले. शेकडो किलोमीटर उरलेले असताना दोघींनी थांबायचे ठरवले आणि विमान मागवले. ९४ दिवस, सुमारे २७०० किलोमीटर, आणि मग ‘आता पुरे’.

अ‍ॅनसाठी हे नवे नव्हते. १९९३ मध्ये चार स्त्रियांची तुकडी घेऊन ती दक्षिण ध्रुवावर पोहोचली होती. तेव्हाही खंड ओलांडायचाच बेत होता. सोबतिणींची दुखणी आणि हातातले दिवस पाहून तिने ध्रुवावरच मोहीम थांबवली.

माझ्या मते या साऱ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा पाठ हाच होता, आणि तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. आपण मुलांना जिंकलेली माणसे दाखवतो. नाहीतर मग थेट हुतात्मे. शहाणपणाने थांबलेले माणूस आपण दाखवतच नाही. नव्वद टक्के मिळाल्यावर ‘उरलेले दहा कुठे गेले?’ असे विचारणाऱ्या घरांत वाढणाऱ्या मुलांनी हे पाहायला हवे, की शेकडो किलोमीटर सोडून परतलेल्या बाईचे कोणीही नाक कापलेले नाही. ती हसतमुखाने पुन्हा शाळांतून बोलायला जाते.

कुणी म्हणेल, हे त्यांच्या श्रीमंत शाळांचे कौतुक. आमच्या दोन शिक्षकी शाळेत उपग्रह फोन कुठून आणायचा? तो नकोच. आपले ‘मैत्री’ केंद्र १९८९ पासून आहे, ‘भारती’ २०१२ पासून. दोन्हींचा कारभार गोव्याहून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. नागपुरात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या अदिती पंत १९८३च्या मोहिमेतून तिथे गेल्या. त्यांना आणि सुदीप्ता सेनगुप्ता यांना अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणतात. आजही दर हिवाळ्यात काही माणसे तिथे राहतात. त्यांत शास्त्रज्ञ असतात तसे स्वयंपाकी, डॉक्टर, जनरेटर सांभाळणारे मेकॅनिकही. ‘मैत्री’वर साधारण दोन महिने सूर्य उगवत नाही. पाणी प्रियदर्शिनी तलावातून घ्यायचे. तिसरीतल्या मुलांना विचारा. ध्रुवावर प्रथम कोण, यापेक्षा अंधारात पोळ्या कोण लाटतो, हे त्यांना आधी हवे असते.

आणि तिथे चक्क टपाल कार्यालय आहे! १९८४ मध्ये ‘दक्षिण गंगोत्री’वर ते सुरू झाले, तेव्हा पहिल्याच वर्षी सुमारे दहा हजार पत्रांवर तिथला शिक्का उमटला. ते केंद्र पुढे बर्फात गाडले गेले. १९९० मध्ये ‘मैत्री’वर टपालाची सोय झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये ‘भारती’वर. त्या नव्या शाखेचा पिनकोड आहे एमएच-१७१८, म्हणजे आपल्याच महाराष्ट्र टपाल परिमंडळाचे अक्षर. पत्रे गोव्याच्या केंद्रात जमा होतात, मोहिमेबरोबर दक्षिणेला जातात, तिथला शिक्का घेऊन परततात. छंदी लोक शिक्क्यासाठी पाठवतातच. वर्गांनीही पाठवावीत, पण शिक्क्यासाठी नव्हे, प्रश्न विचारण्यासाठी. एका वर्गाने एकच पत्र लिहावे, पाच प्रश्न मुलांनी स्वतः निवडावेत, बाईंनी शुद्धलेखनापलीकडे हात लावू नये.

उत्तर येईलच असे नाही. जहाजाला उशीर होतो, हवा बिघडते, स्वयंपाक्याला लिहायचा कंटाळाही येऊ शकतो. तिसरीत लिहिलेल्या पत्राचे उत्तर चौथीत आले, तर वर्ग बदललेला असेल, बाईही बदललेल्या असतील. पाकीट कुणी फोडायचे यावरून मात्र भांडण होणार, हे नक्की.