चौदा कप्प्यांची पिशवी

सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडी लागते. कोजागरीच्या सुमारास हा रस्ता भवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्यांनी भरून जातो आणि वाहनांना वाट वाकडी करावी लागते. अशा पट्ट्यात लसीकरणाचं सत्र कोणत्या वारी ठेवायचं, लसीचा डबा कोणत्या वाटेने आणायचा, कोणत्या वस्तीवर आधी जायचं, हे सारं उपकेंद्राच्या नर्सबाईला आदल्या आठवड्यातच ठरवावं लागतं. सरकारी निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात एका उपकेंद्रामागे 5000 लोकसंख्या धरली जाते. गरोदर माता, बाळंतिणी, लसीची बाळं, रक्तदाबाचे रुग्ण सगळे तिच्याच डोक्यावर. मग तिला कोणी हटकून सांगतं, ‘हातात मोबाइल आहे, आता वह्या कशाला बाळगता?’ प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. मोबाइल तारखांचा हिशोब चुकत नाही, आठवण करून देतो आणि तालुक्याच्या साहेबाला बसल्या जागी सगळं दिसतं. माझा आक्षेप यातल्या शेवटच्या लाभापासून सुरू होतो, कारण बाकीचे दोन्ही त्याच्याच पोटात दडलेले आहेत.

माता-बालकांच्या नावानिशी नोंदीची संगणकीय पद्धत देशात 2009 च्या सुमारास आली. तिची जागा पुढे आरसीएच पोर्टलने घेतली, 2016 मध्ये नर्सच्या हातातल्या टॅबसाठी ‘अनमोल’ आलं, 2021 मध्ये कोविन, त्यानंतर यू-विन. या सगळ्यांचा मूळ प्रश्न एकच आहे : काय झालं ते सांगा. नियोजनाची वही नेमकं उलटं विचारते : उद्या काय करायचं आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर वरच्याला हवं असतं, दुसऱ्याचं नर्सला. ‘अ‍ॅपमध्ये ड्यू लिस्टही निघते की’, असं यावर म्हटलं जाईल. निघते, आणि ती उपयोगी आहे. पण त्या यादीला आठवडी बाजार कळत नाही, सोयाबीनची काढणी कळत नाही, अमुक वस्तीवरची माणसं दुपारी घरी सापडत नाहीत हेही कळत नाही. यादी म्हणजे नियोजन नव्हे. यादी हातात पडल्यावर नियोजन सुरू होतं. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा त्यांना यंत्राचं वावडं होतं असं काही नव्हतं. निकृष्ट हँडसेट आणि इंग्रजीतलं पोषण ट्रॅकर अ‍ॅप ही त्यांची तक्रार होती. ज्याने काम सोपं व्हायचं, त्याच्यासाठीच वेगळं काम करावं लागत होतं.

आता कागदाकडे वळू, आणि मुद्दाम एका अशा साधनाकडे ज्याला कोणी ‘प्लॅनर’ म्हणत नाही. लसीकरणाच्या सरकारी पद्धतीत कापडाची एक ट्रॅकिंग बॅग सांगितली आहे : 14 कप्पे, त्यातले 12 बारा महिन्यांचे. बाळाच्या कार्डाचा मुख्य भाग आईकडे जातो, स्थळप्रत नर्सकडे राहते. पेंटा लसीचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात, पुढचे दहाव्या आणि चौदाव्या. तिसरा झाला की स्थळप्रत उचलून थेट बाळाला नववा महिना पुरा होईल त्या कप्प्यात, गोवर-रुबेलासाठी. उरलेल्या दोनपैकी एक कप्पा लसीकरण पूर्ण झालेल्यांचा, दुसरा गाव सोडून गेलेल्यांचा आणि दगावलेल्यांचा. महिना संपताना त्या महिन्याच्या कप्प्यात जे कागद उरतात, तीच चुकलेली मुलं. वेगळा अहवाल काढावा लागत नाही, पासवर्ड लागत नाही, रेंज लागत नाही. कप्पा जाड राहिला तर काम राहिलं. पडद्यावर उरलेल्यांचा आकडा दिसतो, इथे बोट घातलं की एकेक नाव हाती येतं. मराठी घराला हे शहाणपण नवं नाही. 1973 पासून भिंतीवर लटकणाऱ्या कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख लिहिणारं घर याच तत्त्वावर चालतं.

मात्र कागदाची बाजू लढवणारे एक तकलादू हत्यार नेहमी पुढे करतात, ते आधी बाजूला ठेवलेलं बरं. हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं, हे 2014 मधल्या म्युलर आणि ओपेनहायमर यांच्या प्रयोगाच्या आधारे सांगितलं जातं. तो प्रयोग व्याख्यान ऐकून टिपणं काढणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा होता आणि 2019 मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा निकाल तितके स्पष्ट आले नाहीत. नर्सने तर स्मरणशक्तीवर विसंबूच नये. वही असते ती त्यासाठीच.

कागदावरचे खरे आक्षेप दोन. पहिला ऊसतोडीचा. धाराशिव-बीडकडच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाच महिन्यांची गरोदर बाई कारखान्याच्या फडावर गेली की इथली पिशवी मुकी होते. तिथली नर्स हिला ओळखत नाही, आणि कोपीत कार्ड भिजलं तर मागचा सगळा हिशोब गेला. इथे आरसीएचचा क्रमांक आणि कुठेही लस नोंदवता येणारं यू-विन यांना तोड नाही. कागदाच्या प्रेमापोटी हे नाकारणं हा निव्वळ हट्ट. दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. उपकेंद्राच्या टेबलावर उघडी पडलेली डायरी गावात कोणीही चाळू शकतं. एचआयव्हीची तपासणी, गर्भपात यांची नावानिशी नोंद तिथे असणं धोक्याचं आहे. तशी नोंद कुलूपबंद रजिस्टरात किंवा अ‍ॅपमध्येच असावी, डायरीत फक्त घराची खूण आणि भेटीचा वार.

म्हणजे भांडण कागद आणि मोबाइल यांचं नाहीच, एकच गोष्ट दोनदा लिहिण्याचं आहे. जे अ‍ॅपमध्ये भरलं ते पुन्हा रजिस्टरात मागू नये. रजिस्टर गेलं तरी चालेल. पिशवी आणि खिशातली डायरी मात्र नर्सची राहू द्यावी, आणि तपासणीला आलेल्याने ती मागू नये. ज्या वहीवर शेरा पडणार, तिच्यात खरा बेत कोणी लिहीत नाही. गाळप संपून टोळ्या परतू लागल्या की गाव सोडून गेलेल्यांच्या कप्प्यातले कागद काढून चालू महिन्याच्या कप्प्यात टाकावे लागतात. कोणाची झोपडी पुन्हा उघडली हे आशाताईला वाटेतच कळतं. परतलेल्या महिलेची नोंद पोर्टलवर कुठल्या जिल्ह्यात अडकली आहे, ते मग मोबाइलवर शोधायचं.