लघवीची गोळी आणि डोळ्याचे ऑपरेशन

दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. वीस मिनिटांचे काम आहे, असे आम्हाला सांगितले होते. तास उलटून गेला तरी अब्बा बाहेर येईनात. अम्मी तस्बीह फिरवत बाकड्यावर बसून होती. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, “हे प्रोस्टेटची गोळी घेतात का?”

“घेतात की, तीन वर्षं झाली,” अम्मी म्हणाली आणि पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिने डॉक्टरांच्या हातावर ठेवली. पट्टीवर नाव होते टॅम्सुलोसिन. डॉक्टर गप्प झाले. मग म्हणाले, “हे आधी कळायला हवं होतं.”

दवाखान्याच्या फॉर्मवर साखर, रक्तदाब, हृदयविकार आणि रक्त पातळ करण्याची गोळी एवढ्याच चौकटी होत्या. खाली ‘इतर औषधे’ अशी एक ओळ होती. तो फॉर्म सूनबाईने भरला होता आणि समोर तरुण नर्स उभी होती. अब्बांनी त्या ओळीसमोर ‘नाही’ लिहायला सांगितले. नंतर विचारले तेव्हा म्हणाले, “डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध? आणि पोरीबाळींसमोर काय सांगायचं?”

संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. अब्बांच्या डोळ्यातल्या लेन्सची मागची पातळ पिशवी ऑपरेशनमध्ये फाटली. पुढे मोठ्या शहरात दुसरे ऑपरेशन करून भिंग बसवावे लागले. आज त्यांना दिसते, पण उजेडाचा त्रास होतो आणि संध्याकाळी एकटे बाहेर पडायला ते बिचकतात. मी यात कुणा डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. मला बोलायचे आहे ते न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आणि न दिलेल्या उत्तराबद्दल.

आधी संबंध समजून घेऊ. वय वाढले की पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि लघवीचा मार्ग आवळला जातो. धार बारीक होते, रात्री चार वेळा उठावे लागते, लघवी झाल्यावरही थेंब गळतात. टॅम्सुलोसिन ही गोळी प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करते, त्यामुळे वाट मोकळी होते. औषध चांगले आहे. लाखो माणसांचे ऑपरेशन त्याने टाळले आहे. पण स्नायूंमधल्या ज्या ग्राहकांवर ते काम करते, तसेच ग्राहक डोळ्यातही असतात. बाहुलीभोवती जो रंगीत पडदा असतो, तो ताणून बाहुली मोठी करणारा स्नायू याच ग्राहकांवर चालतो. गोळीमुळे तोही ढिला पडतो.

मोतीबिंदू काढताना बाहुली चांगली मोठी झालेली लागते, कारण सारे काम त्या खिडकीतून करायचे असते. ही गोळी घेणाऱ्या माणसाची बाहुली औषध घालूनही नीट मोठी होत नाही, किंवा झाली तरी मध्येच आकसते. रंगीत पडदा वाऱ्यातल्या ओढणीसारखा हलतो आणि छेदातून बाहेर डोकावू लागतो. खिडकी बारीक, त्यात पडदा फडफडतोय, आणि आत केसाहून पातळ पिशवी सांभाळायची आहे. डॉक्टरला आधी माहीत नसेल तर गडबड होते.

ही गोष्ट जगाला कळली २००५ साली. अमेरिकेत हे औषध १९९७ पासून विकले जात होते. म्हणजे आठ वर्षे हजारो डॉक्टरांना अधूनमधून असा विचित्र डोळा भेटत होता आणि प्रत्येक जण मनाशी म्हणत असेल, आज नशीब खराब, किंवा आज माझा हात बरोबर चालला नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड चांग आणि जॉन कॅम्पबेल या दोन नेत्रतज्ज्ञांनी तसे म्हणून सोडून दिले नाही. त्यांनी झालेल्या ऑपरेशनचे कागद काढले, ७०६ डोळ्यांची माहिती तपासली, कोण कोणती औषधे घेत होते ते लिहून काढले. मग नव्याने ९०० डोळ्यांवर लक्ष ठेवले. अशी ढिली बाहुली साधारण दोन टक्के रुग्णांत सापडली आणि त्यातले बहुतेक सगळे टॅम्सुलोसिन घेणारे किंवा पूर्वी घेतलेले निघाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गोळीच्या माहितीपत्रकात इशारा घालायला लावला.

पुढे २००९ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या ९६ हजारांहून अधिक वृद्ध पुरुषांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांत टॅम्सुलोसिन चालू असलेल्यांत गंभीर गुंतागुंतीचा धोका दुपटीहून जास्त आढळला. आकडा घाबरवणारा वाटेल, पण त्याची दुसरी बाजूही त्याच अभ्यासात आहे. गोळी घेणाऱ्या दर २५५ माणसांमागे एकाला जादा इजा होते, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे बाकीच्यांचे ऑपरेशन या कारणाने बिघडत नाही. पण तो एक माणूस आपल्या घरातला असला की २५५ या आकड्याला काही अर्थ उरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

सर्वांत महत्त्वाचा अभ्यास मला २००७ चा वाटतो. चांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या १३५ रुग्णांचे १६७ डोळे निवडले. या वेळी डॉक्टरांना आधीच माहीत होते की समोरचा माणूस ही गोळी घेतो. त्यांनी तयारी ठेवली. बाहुली घट्ट राहावी म्हणून डोळ्यात औषध सोडले, काहींच्या बाहुलीला बारीक आकडे किंवा कडे लावून ती उघडी धरली. पिशवी फाटली ती १६७ पैकी एका डोळ्यात. आधीच्या काळात, कुणालाच काही ठाऊक नसताना, अशा डोळ्यांत हेच प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास होते. माणसे तशीच, गोळीही तीच. फरक पडला तो आधी कळल्यामुळे आणि त्यानुसार तयारी केल्यामुळे.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. हे वाचून कुणी उद्या गोळी बंद करू नये. चार दिवस आधी गोळी थांबवल्याने डोळा पूर्ववत होतो असे नाही. पूर्वी कधीतरी घेतलेल्या माणसातही हा त्रास दिसला आहे. उलट गोळी अचानक थांबवली तर लघवी तुंबून रात्री-अपरात्री धावपळ करावी लागू शकते. आपण करायचे ते इतकेच की डोळ्याच्या डॉक्टरला सांगायचे. पूर्वी घेऊन सोडली असेल तरी सांगायचे. अल्फुझोसिन, सिलोडोसिन अशी याच जातीची दुसरी गोळी असेल तरी सांगायचे. नाव आठवत नसेल तर पट्टी घेऊन जायची.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. ऑपरेशन झाले म्हणजे काम झाले, अशी आपली समजूत आहे. वैद्यकातले निकालांचे संशोधन नेमके या समजुतीला धक्का देते. प्रोस्टेटच्या उपचारांचे यश मोजण्यासाठी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांनी सात साध्या प्रश्नांची यादी तयार केली. रात्री किती वेळा उठता, धार अडखळते का, जोर करावा लागतो का, असे ते प्रश्न. मोतीबिंदूसाठी १९९४ मध्ये चौदा कामांची यादी आली. बारीक अक्षर वाचता येते का, पायऱ्या दिसतात का, ओळखीचा चेहरा ओळखता येतो का, असे त्यात विचारतात. भिंतीवरचा तक्ता वाचून जे कळते, त्यापेक्षा या प्रश्नांच्या उत्तरांतून रुग्णाचे समाधान जास्त चांगले कळते, असे त्या अभ्यासात दिसले. आपल्या आजीला विचारले असते तर तिने हेच सांगितले असते. फरक एवढाच की तिथे कुणीतरी आजीला विचारले, उत्तर लिहून घेतले आणि मोजले.

आपल्याकडे विचारतो कोण? मोतीबिंदूची मोफत शिबिरे आपल्या समाजात खूप होतात. ट्रस्ट भरवतात, जमाती भरवतात, रमजानच्या आधी, निवडणुकीच्या आधी. ते पुण्याचे काम आहे यात शंका नाही. बॅनरवर छापले जाते, ‘२०० यशस्वी शस्त्रक्रिया’. शस्त्रक्रिया संध्याकाळी होते आणि बॅनर दुसऱ्या दिवशी सकाळी लागते. यशस्वी हे ठरवले कुणी? दीड महिन्याने त्या दोनशे माणसांपैकी किती जण सुईत दोरा ओवतात आणि किती जण अजून भिंत चाचपत चालतात, ही वही मला अजून एकाही संयोजकाने दाखवलेली नाही. जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये मोतीबिंदूसाठी जे उद्दिष्ट ठरवले, त्यात नुसती ऑपरेशनची संख्या धरलेली नाही. ऑपरेशननंतर ज्यांना खरोखर चांगले दिसू लागले, तेच मोजायचे आहेत. आपल्या बॅनरनेही तोच हिशेब धरावा.

हे आपल्या देशात जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी मदुराईकडे पाहावे. तिथल्या अरविंद नेत्र रुग्णालयात गरिबांची ऑपरेशने प्रचंड संख्येने होतात आणि प्रत्येकाची नोंद राहते. त्या नोंदींवरून २०१७ मध्ये सहा लाखांहून अधिक ऑपरेशनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक सोडल्यावर डोळ्यात पू होण्याचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आले, असे त्यात दिसले. आकडे टिकलीएवढे आहेत. पण एक लाख ऑपरेशनांमागे पन्नास डोळे वाचले, असा त्याचा अर्थ होतो. नोंद ठेवली नसती तर हे कुणालाच कळले नसते.

आपल्या जलशांत अल-राझी आणि अल-मौसिली यांची नावे मोठ्या अभिमानाने घेतली जातात. मौसिली यांनी हजार वर्षांपूर्वी पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढला, हे मुलांनाही पाठ असते. पण राझी मोठे का होते? मेंदूच्या तापात रक्त काढण्याचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी काही रुग्णांचे रक्त काढले, काहींचे मुद्दाम काढले नाही, आणि दोन्हींचे काय झाले ते लिहून ठेवले. त्यांचे नाव घ्यायचे असेल तर निदान शिबिराची एक वही ठेवावी. भाषणापेक्षा तो त्यांचा जास्त मान होईल.

उरला प्रश्न लाजेचा, आणि तो आपल्या घरातला आहे. तहारतीची सवय लहानपणापासून अंगात भिनलेल्या माणसाला थेंब गळण्याचा त्रास फार खोलवर लागतो. मी अशी बुजुर्ग माणसे पाहिली आहेत, ज्यांनी या कारणाने मशिदीत जाणे सोडले आणि गुडघ्याचे दुखणे पुढे केले. शरीयतने अशा माणसाला माजूर मानून सवलत दिली आहे. तो नमाजाच्या वेळी वुजू करून नमाज पढू शकतो. डोळ्याच्या ऑपरेशननंतर वाकता येत नसेल तर बसून, इशाऱ्याने नमाज होते. हे मौलवीसाहेबांना चांगले माहीत असते. एखाद्या जुम्याला त्यांनी ते मिंबरवरून सांगितले आणि ‘हकीम-डॉक्टरपासून आजार लपवू नका’ एवढे वाक्य जोडले, तर ते कितीतरी घरांत पोचेल.

माझी मागणी साधी आहे. शिबिराच्या आणि दवाखान्याच्या फॉर्मवर एक ओळ वाढवावी: ‘लघवीच्या किंवा प्रोस्टेटच्या त्रासासाठी गोळी घेता का, किंवा पूर्वी घेतली होती का?’ हा प्रश्न पुरुष रुग्णाला एकट्याला, आडोशाला विचारावा. मूत्ररोगतज्ज्ञाने किंवा फॅमिली डॉक्टरने ही गोळी लिहून देताना मोतीबिंदू आहे का ते पाहावे. ऑपरेशन लवकरच करायचे असेल तर ते आधी उरकता येईल का, याचा विचार करावा. संयोजकांनी दीड महिन्याने प्रत्येक रुग्णाला बोलावून निकाल वहीत लिहावा, वाईट निकालही लिहावा.

आमच्या गावच्या ट्रस्टकडे मी ही मागणी घेऊन गेलो. एक सदस्य म्हणाले, “फॉर्म छापून झालेत, पुढच्या वर्षी बघू.” मी म्हटलं, पाचशे फॉर्म आहेत, रबरी शिक्का बनवून देतो, मारायला मी स्वतः बसतो. शिक्का तयार आहे. अजून बोलावणे आलेले नाही.

अब्बांच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन मागच्या महिन्यात झाले. या वेळी फॉर्म मी भरला आणि पट्टी त्यालाच टाचून दिली. डॉक्टरांनी आधीच तयारी ठेवली होती. अब्बा अर्ध्या तासात बाहेर आले. हल्ली ते शेजारच्या चाचांनाही विचारतात, “लघवीची गोळी घेतोस ना? मग डोळ्याच्या डॉक्टरला सांग.”