धाराऊची नेमणूक आणि आजचे पाळणाघर

१४ मे १६५७ रोजी पुरंदरावर शंभुराजांचा जन्म झाला, सईबाईसाहेबांच्या नाजूक प्रकृतीमुळे मुलाला अंगावरचे दूध पुरेना, आणि तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरची धाराऊ राजपुत्राची दूधआई झाली, ही हकिकत आमच्या नसरापूरच्या परिसरात कोणालाही नव्याने सांगावी लागत नाही. कारण कापूरहोळ येथून थोडक्याच अंतरावर आहे, आणि १६५९ साली सईबाईंनी देह ठेवला त्या राजगडाकडे जाणारी वाट तर आमच्या दारावरूनच जाते. धाराऊला सालीना २६ होनांची नेमणूक करून दिली होती, असे इतिहासात सांगतात. या कथेतील वात्सल्याचे कौतुक आजवर पुष्कळ झाले. मला त्या नेमणुकीचे अधिक वाटते. तान्ह्या मुलाचे संगोपन ही मेहनत आहे, ती एकट्या जन्मदात्रीच्या शक्तीबाहेरची असू शकते, आणि जो कोणी तिचा वाटा उचलतो त्याला मोबदला देणे राज्याला कमीपणाचे वाटू नये, ही समज त्या काळच्या दरबाराला होती. आजच्या दरबाराला ती कितपत आहे, हा माझा प्रश्न आहे.

चेलाडी फाट्याच्या आसपास ज्या चाळी आणि नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांतील एखाद्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या दांपत्याचे पाहा. नवरा खेड शिवापूर अथवा शिरवळकडच्या कारखान्यात पाळीने जातो. सासर बीडकडे किंवा सोलापूरकडे राहिलेले असते. आणि बाळंतपणासाठी आलेली आई सव्वा महिना उलटताच पेरणीच्या काळजीने परत गेलेली असते. आषाढात मावळचा पाऊस एकदा लागला, की या घरात धाराऊची जागा रिकामी असल्याचे प्रत्यही जाणवते. दुपटी, लंगोट आणि झबली दिवसातून तीनदा धुवावी लागतात आणि दोन-दोन दिवस वाळत नाहीत. जुन्या घरांतून शेगडीतल्या निखाऱ्यांवर बांबूची डालगी पालथी घालून तिच्यावर हे कपडे शेकत असत. सिलिंडरच्या खोलीत ती सोय नाही, म्हणून चपात्या झाल्यावर तापलेल्या तव्यावर वीतभर उंच लंगोट धरून ही मुलगी उभी राहते, आणि त्याच वेळी साडीच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून झोका देत असते. रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून रडणारे मूल घेऊन ती जिन्यात येऊन बसते. आमच्या इमारतीच्या जिन्यात हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

शेजारधर्म अगदीच लोपला आहे असे नाही. न्हाणीत पाय पसरून बसणारी, मुलाला नडग्यांवर पालथे घालून तेलाने रगडणारी आणि ऊन पाण्याचा तांब्या पाठीवर असा ओतणारी, की नाकातोंडात एक थेंब जाऊ नये, अशी वृद्धा अजून गावात सापडते, आणि तिचे हस्तकौशल्य कोणत्याही पुस्तकातून साध्य होणारे नव्हे. तिची धुरी आणि सहाणेवर उगाळलेली गुटी मात्र मला मान्य नाही, कारण पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, हे वैद्यकशास्त्राचे मत आता निर्विवाद आहे. आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या फेऱ्या घालते, वजन करते, ताप पाहते. ही योजना उत्तमच आहे. पुढे तिच्या फेऱ्या विरळ होत जातात, आणि मूल तर तेव्हा कोठे पालथे पडू लागलेले असते.

कायद्याची हकिकतही अशीच अर्ध्या वाटेवर थांबलेली आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाचा पुरस्कार करताना डॉ. आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले होते, की मातेचे हित हे राष्ट्राचे हित असल्यामुळे त्याचा भार मुख्यत्वे सरकारने सोसावा. १९२९ चा तो कायदा कारखान्यांतील स्त्रियांपुरता आणि इंग्रजी मुलखापुरता होता; भोरच्या पंत सचिवांच्या संस्थानी अंमलातील नसरापूरला त्याचा काही उपयोग नव्हता. १९६१ चा कायदा साऱ्या देशाचा झाला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. सव्वीस हा आकडा दोन्हीकडे यावा हा निव्वळ योगायोग. फरक एवढाच, की होन दरसाल मिळत आणि आठवडे एकदाच संपतात. शिवाय ते मिळण्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवसांची हजेरी दाखवावी लागते, आणि ठेकेदाराच्या पटावर जिचे नाव आज आहे आणि उद्या नाही, तिला ती हजेरी शाबीत करता करता मूल रांगू लागते.

ज्या भाग्यवतीला पूर्ण रजा मिळते तिचेही पुढे काय? प्रसूतीपूर्वी तिने रजेचा एकही दिवस घेतला नाही असे गृहीत धरले, तरी मूल सहा महिन्यांचे होताच ती संपते. अंगणवाडीत दिवसा बसण्याची मुभा मुलाला तिसऱ्या वर्षी मिळते. तोपर्यंत त्याच्या वाट्याला केवळ घरपोच आहाराची पाकिटे. मूल नुकते पकडून उभे राहायला शिकते, हाताला येईल ते तोंडात घालते, क्षणभर नजर चुकली तर पाण्याच्या बादलीकडे धाव घेते, ती ही मधली अडीच वर्षे त्याला सांभाळायचे कोणी, याविषयी सरकार दरबारी, पाळणाघराची कागदावरची तरतूद वगळता, जवळजवळ मौन आहे. बापाविषयीचे मौन तर याहून गाढ. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास १५ दिवसांची रजा मिळते. खासगी कारखान्यातील बापाला कायद्याने एक दिवसही नाही, आणि पुष्कळ बापांना, स्पष्टच लिहायचे तर, तो नको असतो.

यावर, आमच्या आजीने सात मुले वाढवली, तिला कोठे पाळणाघर होते, असा प्रतिप्रश्न हमखास येतो. त्या आजीच्या घरात जावा-नणंदा होत्या, आणि सातांपूर्वी किती गेली हे तिने सहसा कोणाला सांगितले नाही.

पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने पाळणाघर ठेवावे, ते स्वतंत्र असावे किंवा सामाईक सोयींसह, असे २०१७ च्याच दुरुस्तीत लिहिलेले आहे. ‘सामाईक’ या तरतुदीचा आधार घेऊन महामार्गावरच्या कारखान्यांनी, ज्यांच्याकडे पन्नासांहून कमी माणसे आहेत त्यांनाही सोबत घेऊन, खर्चाची वर्गणी करावी आणि ग्रामपंचायतीने फाट्याजवळ जागा द्यावी, असे मला सुचवावेसे वाटते. न्हाऊमाखू घालणाऱ्या ज्या वृद्धा आज साडीचोळीवर राबतात, त्यांतील दोघी-तिघींना थोडे शिक्षण देऊन तेथे दरमहा मुशाहिऱ्यावर नेमावे. धुरी आणि गुटी तेवढी घरी ठेवून यावी. जे बाप पाळी संपवून आधी परततात, त्यांनी येताना मूल घेऊन यावे आणि आई परतेपर्यंत त्याचे सर्व काही, म्हणजे लंगोटासकट सर्व काही, करावे. वेळ ठरवताना मात्र कचेरीचे घड्याळ पाहू नये. पहिली पाळी सकाळी सातला भरते, आणि दहाला उघडणारे पाळणाघर त्या आईच्या काही कामाचे नाही.